चुन्याच्या रानातली बाई

आमच्या शाळेच्या सभागृहात उत्तरेकडच्या भिंतीवर मी एक चित्र काढलं आहे. भिंत अठरा फूट लांब आहे आणि चित्रात रंग दोनच, काळा आणि पांढरा. या चित्राचा अर्थ मला आजवर जितक्या लोकांनी समजावून सांगितला, तितक्या लोकांनी मला कधी चहासुद्धा पाजलेला नाही.

चित्र चुन्याच्या रानाचं आहे. आमची शाळा येरमाळ्याहून सहा-सात किलोमीटरवर. चैत्री पुनवेच्या यात्रेत दुसऱ्या दिवशी येडाई देवीची पालखी डोंगरावरून खाली चुन्याच्या रानात येते आणि माणसं वाकून चुनखडीचे खडे वेचतात. वेचलेले खडे ढिगावर टाकायचे, त्याचा चुना देवळाला लागतो. म्हातारे, लेकुरवाळ्या, मोटारीतून आलेले पाहुणे, सगळे सारखेच वाकलेले असतात. डोक्यावर ऊन आणि पायाखाली पांढरी जमीन. मी ते चित्र मे महिन्याच्या सुट्टीत काढलं. खाली पांढरं रान, त्यावर वाकलेली काळी माणसं, वर सगळं आभाळ काळंभोर. मधोमध एक बाई मात्र उभी आहे. वेचता वेचता कंबर धरली म्हणून ती सरळ झाली आहे. डावा हात कमरेवर, उजव्या हाताची मूठ मिटलेली. सूर्य पाठीमागे असल्यामुळे तिचा चेहराही काळाच.

जूनमध्ये शाळा उघडली आणि अर्थ लावायला सुरुवात झाली. मराठीच्या बाई म्हणाल्या की मिटलेली मूठ म्हणजे स्त्रीशक्ती. इतिहासाच्या सरांना काळ्या आभाळात जुनी राजवट दिसली आणि पांढऱ्या जमिनीत स्वातंत्र्य. विज्ञानाचे सर जरा कोरडे, त्यांनी विचारलं की भर दुपारी आभाळ काळं कसं, आणि मग स्वतःच उत्तर दिलं की हा प्रदूषणाचा इशारा असणार. मुख्याध्यापक दोन दिवस काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, काळं म्हणजे अज्ञान, पांढरं म्हणजे ज्ञान. माणसं ज्ञानाचे कण वेचतायत. बरोबर ना?" मी मान डोलावली. एवढा विचार करून आलेल्या माणसाला नाही म्हणवत नाही.

खरं सांगायचं तर त्या हाताची बोटं मला तीनदा बिघडली, म्हणून मूठ मिटून टाकली. आभाळ काळं केलं, कारण पांढरी जमीन उठून दिसायला दुसरा उपाय सुचला नाही. आणि चित्र काळं-पांढरं आहे याचं कारण इतकं साधं होतं की ते मी बावीस वर्षांच्या नोकरीत बायकोशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. मला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही.

माझं लहानपण लोहाऱ्यात गेलं. घरात आई कन्नड बोलायची, बाहेर मराठी. आई मिरचीला केंपु म्हणायची आणि शाळेत तीच मिरची लाल असायची. एका वस्तूला दोन नावं असतात हे मी तेव्हाच मान्य करून टाकलं होतं. त्यामुळं लाल आणि हिरवा हीसुद्धा एकाच रंगाची दोन नावं असणार, वापरायची वेळ वेगळी असेल, असं मला कितीतरी दिवस वाटायचं. पाचवीत मी पोपट काढून मातकट रंगवला. मास्तरांनी तो सगळ्या वर्गाला उंच धरून दाखवला, वर्ग हसला, आणि त्या दिवशी मला कळलं की बाकीच्यांना काहीतरी दिसतं जे मला दिसत नाही. गंमत म्हणजे रेषा माझ्या हातात चांगली होती. मास्तरही तेच म्हणायचे. मग मी रंगाच्या नळीवरचं नाव वाचून रंगवायला शिकलो. नोकरीला लागताना डोळे तपासले, पण ते अक्षरांचा तक्ता वाचण्यापुरते. तक्ता मी खडाखडा वाचला आणि कलाशिक्षक झालो.

त्यानंतरची बावीस वर्षं ही एका शब्दात सांगायची तर लपवाछपवी. नळीवरचं नाव झिजलं की बायको कागदाची पट्टी चिकटवून द्यायची. वर्गात पोरांची चित्रं तपासताना मी थेट रंगाबद्दल बोलत नसे. "इथं काय काढलंस? हा रंग कुठला घेतलास? का घेतलास?" असं विचारायचो. पोरं सांगायची, लाल घेतला सर, कारण आजीचं लुगडं लाल आहे. मग मी म्हणायचो, छान. या पद्धतीचं एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी फार कौतुक केलं. मुलांना बोलतं करणारा शिक्षक म्हणून माझं नाव झालं. मी ते कौतुक खाली मान घालून घेतलं आणि लोकांना तो विनय वाटला.

भीती मात्र कायम पोटात असे. रंग शिकवणाऱ्यालाच रंग कळत नाहीत हे बाहेर फुटलं, तर शाळेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही आणि बहुतेक नोकरीही राहणार नाही, असं मी धरून चाललो होतो. म्हणून आयुष्यात एकदा तरी ज्यात फसायला जागाच नाही असं चित्र काढायचं मी ठरवलं. काळा आणि पांढरा मला कुणाच्याही बरोबरीनं कळतो. त्या मे महिन्यात मी रोज भिंतीसमोर उभा राहायचो आणि नळीवरचं नाव न वाचता रंग उचलायचो. इतकं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं.

मुख्याध्यापकांनी चित्राचं उद्‌घाटन ठरवलं. जिल्ह्याहून शिक्षण खात्यातले एक मोठे साहेब येणार, गावातले लोक येणार, बायकांनाही बोलावणं. मला पाच मिनिटं चित्राचा आशय सांगायचा होता. मी आठ दिवस ते भाषण घोकलं. त्यात अज्ञान होतं, ज्ञान होतं, श्रम होते, मूठ होती, आणि शेवटी माझं आवडतं वाक्य होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं. भिंतीखाली टेबलावर नारळ, हार, पूजेचं ताट. साहेब आले, नारळ फुटला, टाळ्या झाल्या. मी माईक हातात घेतला. मूठ समजावली, आभाळ समजावलं, साहेब मान हलवत होते. मला स्वतःचंच बोलणं पटायला लागलं होतं. मग मी ते आवडतं वाक्य घेतलं. भिंतीकडं हात करून म्हणालो, "या अख्ख्या चित्रात रंगाचा एक ठिपकासुद्धा नाही. हवं तर जवळ येऊन शोधा!"

टाळ्या यायला हव्या होत्या. आल्या नाहीत. पुढच्या ओळीत कुणीतरी खुदकन हसलं. मागं बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. मराठीच्या बाई माझ्याकडं बघत डोळे मोठे करत होत्या, आणि त्यांना काय म्हणायचंय ते मला काही केल्या कळेना. तेवढ्यात खिडकीपाशी उभा असलेला एक गावकरी मोठ्यानं म्हणाला, "सर, मग त्या बाईच्या कपाळाला काय हाय?"

मी वळून बघितलं. बाईचं कपाळ काळं होतं, मी रंगवलं होतं तसंच. मी पुन्हा बघितलं. काहीच नव्हतं. आणि मग माझ्या लक्षात आलं की काहीच नसेल तर दोनशे माणसं तिकडं बघणार नाहीत. लाल रंग मला काळपटच दिसतो, काळ्यावर तर तो माझ्यासाठी नसतोच. तिथं काहीतरी लाल होतं, सगळ्यांना दिसत होतं, आणि मी छाती पुढं काढून सांगून बसलो होतो की ठिपकासुद्धा नाही. पाचवीतला पोपट मास्तरांनी पुन्हा उंच धरल्यासारखं झालं. साहेब माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"कुंकू हाय," दारातून आवाज आला.

शाळेत पोरांची खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. हातात झारा तसाच. साठीच्या असतील. एरवी या बाई चार माणसांत तोंड उघडत नाहीत. त्या म्हणाल्या, "मळवट भरलाय तिला. सर बरूबर बोलले. कुंकवाला कोन रंग म्हनतं का? तुमच्या घरातल्या बायका रोज कुंकू लावत्यात, त्यास्नी तुमी रंगवलेल्या बाया म्हनता का?"

बायकांकडून असा हशा उठला की खिडकीतला गावकरी लाजून खाली बसला. साहेबांनी स्वतः टाळी वाजवली. नंतरच्या भाषणात त्यांनी सांगितलं की चित्रकारानं एवढ्या काळ्या-पांढऱ्यात फक्त कपाळ तेवढं लाल ठेवलं आणि वर त्याला रंग म्हणायला नकार दिला, यातच सगळं आलं. काळं म्हणजे दुःख, पांढरं म्हणजे कष्ट, कुंकू म्हणजे श्रद्धा. मी खुर्चीत बसून ऐकत होतो. माझ्याच चित्राचा हा नवा अर्थ मी पहिल्यांदाच ऐकत होतो आणि त्यातलं मुख्य काय ते मला दिसतही नव्हतं.

साहेबांची गाडी गेली आणि मी तडक स्वयंपाकाच्या शेडमध्ये गेलो. मावशी पातेलं घासत होत्या. मी म्हणालो, "मावशी, आज तुम्ही मला वाचवलंत."

"बसा की," त्या म्हणाल्या. पालथ्या डब्याकडं बोट केलं.

मी बसलो. त्यांनीच विषय काढला, तोही पातेल्यावरची नजर न हलवता. "तुमाला लाल दिसत न्हाय, व्हय ना?"

मी विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत आहे. तर म्हणाल्या, लई वर्सं झाली. शाळेच्या परसबागेत टोमॅटो लागले होते तेव्हा त्यांनी मला पिकलेले तोडून आणायला सांगितलं होतं आणि मी टोपलीभर कच्चे-पक्के एक करून आणले होते. "तवाच वळखलं. त्या दिसापास्नं म्याच तोडते. आन तुमी पोरांची चित्रं बघता तवा आधी पोराच्या तोंडाकडं बघता, मग कागदाकडं. म्या हितनं खिडकीतनं बघते की रोज."

बावीस वर्षं मी काय काय युक्त्या केल्या होत्या. आणि ही बाई चुलीपुढं बसून सगळं बघत होती आणि कुणाला एका शब्दानं बोलली नव्हती. मला रागच यायला हवा होता, मी तसा तापटच आहे. पण मला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. मग मी विचारलं, "पण कुंकू लावलं कुणी?"

पातेलं घासणारा हात थांबला. "म्याच," त्या म्हणाल्या. "सकाळी ताट मांडाया गेले व्हते. चिमूटभर घेतलं, तेलात कालवलं, बाकड्यावर चढले. तुमचं चित्र नासवलं म्या. मला काय ठावं, तुमी आसं बोलून बसाल."

मावशींचं कपाळ कोरं असतं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. आमच्या भागात अजूनही बाई मग कुंकवाच्या करंड्याला हात लावत नाही, कुणी तसं तोंडानं सांगावं लागत नाही. शाळेच्या ताटातलं कुंकू त्या दुसऱ्यांसाठी मांडत होत्या. त्यांनी पाणी ओतून पातेलं विसळलं आणि म्हणाल्या, "ती बाई म्याच हाय न्हवं, सर?"

मला कबूल करावं लागलं. रोज दुपारी मोठं पातेलं चुलीवरून उतरवलं की मावशी कंबरेवर हात ठेवून सरळ होतात आणि दोन क्षण तशाच उभ्या राहतात. शिक्षकांच्या खोलीतून मला ते दिसतं. चित्रातली बाई मी तिथूनच उचलली होती. त्यांना न विचारता. चुन्याच्या रानात उभी केली म्हणजे कुणी ओळखणार नाही असं मला वाटलं होतं.

"म्या पयल्या दिवशीच वळखलं," त्या म्हणाल्या. "सगळे तिच्या मुठीचं बोलत व्हते. कपाळाचं कुनी बोललं न्हाय. म्हनलं, माझ्या कपाळाला लावायचं म्हंजी गाव बोलंल. तिच्या कपाळाला लावलं तर कोन बोलंल?"

एवढ्यात मुख्याध्यापक शेडमध्ये शिरले. हातात ओलं फडकं. साहेब खूश होऊन गेले होते, पण मुख्याध्यापक नीटनेटके गृहस्थ, त्यांना ते कुंकू खुपत होतं. "कुणी केला हा उद्योग? शाळेची भिंत आहे, देऊळ नाही. सर, तुम्ही पुसता की मी पुसू? आणि तुम्ही तरी भाषणाआधी बघायचं नाही का?"

मावशींनी मान खाली घातली. त्या काही बोलायच्या आत मी म्हणालो, "सर, राहू द्या ते. मला ते दिसतच नाही."

मुख्याध्यापकांचा चेहरा एकदम बदलला. "वा!" ते म्हणाले. "काय बोललात! कलावंताला कुंकू दिसत नाही, त्यामागची बाई दिसते. हे भाषणात का नाही घेतलंत?"

मी कपाळावर हात मारून घेतला. लोकांना अर्थ लावायची अशी सवय लागली होती की साधं वाक्य कुणाच्या कानात शिरेना. त्या क्षणी मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. गुपित शाबूत राहिलं असतं आणि कौतुकही मिळालं असतं. पण पुसायचं की ठेवायचं याचा निकाल मावशींच्या वतीनं लावायचा होता आणि तो खोट्यावर लावायची मला लाज वाटली. मी उठून उभा राहिलो. "सर, यात अर्थ काही नाही. मला लाल आणि हिरवा ओळखता येत नाही. जन्मापासून. रंगाची नावं वाचून मी रंगवतो. कपाळावर कुंकू आहे हे मला आताही मावशी सांगतात म्हणून माहीत आहे. आणि ते ठेवायचंय."

मुख्याध्यापक मी सोडलेल्या पालथ्या डब्यावर बसले. मी नोकरी, पगार, बायको, सगळं एका दमात मनात मोजून घेतलं. मग ते हळूच म्हणाले, "म्हणजे गेल्या वर्षी मुलांच्या गणवेशाचं कापड तुम्हाला निवडायला सांगितलं होतं..."

"हो," मी म्हणालो.

"तरीच!" ते म्हणाले, आणि असे हसले की फडकं हातातून पडलं. हसणं ओसरल्यावर म्हणाले, "पोरं शिकतायत ना चित्रकला? शिकतायत. परीक्षेत पास होतायत. मग झालं. गणवेश यंदा मी निवडतो." जाताना फडकं उचलून घेऊन गेले, भिंतीकडं गेले नाहीत. इतकी वर्षं मी ज्या प्रसंगाला भीत होतो, तो एवढ्यात आटोपला. या माणसाचे उपकार मी कधी विसरणार नाही, आणि ते फार ताणून भाषण करतात ही तक्रारही आता करणार नाही.

सोमवारी मी वर्गात सांगितलं की मला अमुक दोन रंग कळत नाहीत, तेव्हा तुम्ही सांगत जा. पोरांनी अर्धा तास माझ्यापुढं एकेक वस्तू धरून परीक्षा घेतली आणि नंतर विषय संपला.

पण मला सांगायचंय ते कार्यक्रमाच्याच दिवशी संध्याकाळचं. सभागृह झाडून झालं होतं. मावशी कुलूप लावायला आल्या तेव्हा मी चित्रासमोर उभा होतो. आयुष्यात मी रंगाबद्दल कुणाला खरा प्रश्न कधी विचारला नव्हता, जे विचारले ते फसवायला. मी बाकडं ओढलं, वर चढलो आणि म्हणालो, "मावशी, कुठंय ते, दाखवा."

"आनखी वर," त्या खालून म्हणाल्या. "उजवीकडं. हां, हितनं. आता त्या भुवईपातूर."

बोटाला तेलकट लागलं, जरा खरखरीत. मी ते बोट हलकेच कपाळभर फिरवलं, फिसकटणार नाही इतकं. दिसत काहीच नव्हतं.

"कसं दिसतंय?" मी विचारलं.

मी खाली बघितलं तर मावशी कंबरेवर हात ठेवून, मान वर करून, स्वतःकडं बघत उभ्या होत्या.

"लई लाल हाय, सर," त्या म्हणाल्या. "तुमाला दिसंना तर दिसंना. म्या बघते."